टाकी रिकामी होईपर्यंत

नायनांच्या मोटरसायकलचं काय करायचं, ही ओळ फ्रिजवरच्या माझ्या यादीत बरेच आठवडे होती. वरच्या औषधांच्या, लाइट बिलाच्या ओळी खोडल्या जात. ही तशीच राही.

घरी आम्ही तेलुगू बोलतो आणि वडिलांना नायना, आईला अम्मा म्हणतो. नायना सोलापुरातल्या कारखान्यांत जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. पुढे त्यांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःचे माग घातले, टॉवेल काढले. म्हातारपणी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी बंद करा म्हणून सांगितलं. नायनांनी गोळ्या तेवढ्या घेतल्या.

गाडी लहानशी, टू-स्ट्रोक, जुनी. इतकी हलकी की अम्मा एकटी तिचं मागचं चाक उचलून अंगण झाडायची. ही गाडी काढणारी जपानी कंपनी सुरुवातीला माग बनवायची. इंजिनाकडे ती फार नंतर वळली. हे नायनांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी दुसरी गाडी बघितलीच नाही. "ज्यानं माग बांधलाय, त्याला हादरा कुठं जिरवायचा ते कळतं की," ते म्हणायचे. या विश्वासापायी एकदा त्यांनी गाडीच्या ऑइलच्या टाकीत मागाचं तेल ओतलं. वळसंगच्या रस्त्यावर पिस्टन जाम झाला, आणि अम्मा भर उन्हात त्यांच्यामागून चालत घरी आली. तो विषय ती अजून काढते.

या वर्षी ते गल्लीच्या तोंडाशी पडले. समोरून आलेली रिक्षा थांबली म्हणून वाचले. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "किल्ली लपव आणि मोकळी हो." लपवणं सोपं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे माग चालू करून देणारा माणूस स्वतःच्या घरात किल्ली शोधत फिरेल, हे मला बघवलं नसतं. मी सरळ विचारलं.

"नायना, गाडी द्यायची का?"

"ॲक्सिलरेटर धरला की हात थांबतो माझा."

हे खरं होतं. त्यांचा हात रिकामा असला की जास्त थरथरायचा.

"हात थांबतो. पण ब्रेक वेळेवर लागत नाही. परवा रिक्षावाला थांबला, तुम्ही नाही."

ते म्हणाले, "गिऱ्हाईक बघ."

जुन्या गाड्या जपणारे एक गृहस्थ मोहोळहून सकाळी आले. सोबत टेम्पो होता. त्यांनी गाडीला हात लावताच नायना खुर्चीतून उठले. "थांबा. टाकीत पेट्रोल आहे."

"राहू द्या की काका, मला उपयोगी पडेल."

"असं देत नसतात."

ते काय म्हणताहेत ते मला आणि अम्माला कळलं. आमचे माग विकले तेव्हाही असंच झालं होतं. मागावर अर्धं कापड ठेवून माग द्यायचा नाही, हा नायनांचा नियम. त्या टॉवेलांना गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्यांनी बीमवरचं, म्हणजे मागाच्या रुळावर गुंडाळलेलं, सूत संपेपर्यंत माग चालवले, कापड कापून घेतलं, शेड झाडली. तोवर घेणारा माणूस बाहेर ताटकळत बसला होता.

मी गाडी स्टँडवर लावली. किक मारायची ताकद त्यांच्या पायात नव्हती. ती मी मारली, आयुष्यात पहिल्यांदा. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. नायनांनी हँडल धरलं आणि हात खरोखरच थांबला. अंगण धुरानं भरलं. अम्मानं पाहुण्यांना चहा दिला. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, "काय जॉबरसाहेब, उभ्या उभ्याच अक्कलकोटला निघालात काय?"

"पोचलोच आता," नायना म्हणाले.

त्यांनी पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला. अम्मा पदर नाकाला लावून त्यांच्या शेजारी उभी राहिली. मला आत बरीच कामं होती. मी गेले नाही. खूप वेळानं आवाज अचानक चढला, गाडीत नवा जोर आल्यासारखा. पाहुणे दचकले.

"संपत आलं की ती अशीच पळते," नायनांनी सांगितलं. हँडल सोडलं नाही.

आवाज तुटला. अंगण एकदम शांत झालं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, शेवटच्या बीमचाच होता तो, आणि गाडीची टाकी पुसली. मग किल्ली काढून पाहुण्यांसमोर धरली.

"आता न्या. मागाचं तेल तेवढं घालू नका."

अम्मा हसली नाही. नायनांचा हात पुन्हा थरथरायला लागला होता आणि कडीतली किल्ली वाजत होती. पाहुण्यांनी ती घाईनं घेतली नाही. नायना स्वतः सोडेपर्यंत ते ओंजळ पुढे करून थांबले.