आवक गहू, जावक रस

सदर इसम, वय वर्षे त्रेसष्ट, उंची मध्यम, चष्मा जाड, पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षे सेवा करून नियत वयोमानानुसार निवृत्त. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग, निवृत्तीनंतरही कायम. विवाहित. अपत्य एक, मुलगी, परगावी. सेवाकाळात वहीतला एकही रकाना रिकामा सोडल्याची नोंद नाही. शेरा : निरंक.

लोक त्यांना आवकजावक म्हणत. ऑफिसात आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक. मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं ही साहेबांची बाब, अशी त्यांनी कामाची वाटणी लावून घेतली होती आणि ती त्यांना सोयीची पडली होती. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा पत्र्याचे सात ट्रे भंगारात निघाले. ते त्यांनी घरी आणले. बायकोने विचारलं, "यात काय ठेवायचंय?"

"येईल काहीतरी," ते म्हणाले.

पाच वर्षांनी आलं ते बायकोचं दुखणं. मानेतली गाठ तपासायला ती गेली आणि डॉक्टरीणबाईंनी केमोचे सहा डोस सांगितले, दर एकवीस दिवसांनी एक. अट एकच : डोसाच्या आदल्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुरेशा भरल्या पाहिजेत. भरल्या नाहीत तर डोस पुढे, आणि डोस पुढे गेलेला बरा नाही. दुसऱ्या डोसाच्या वेळी आकडा काठावर आला होता. तो काठ आवकजावकांच्या डोक्यातून जाईना.

तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. गव्हाचं गवत कुंडीत वाढवायचं, कापायचं, रस काढायचा, रोज अर्धी वाटी. पेशी कशा धावत येतात बघा. बाजारात हा रस औषधासारख्या बाटलीत औषधाच्या भावाने मिळायचा. गहू तर डब्यात होतेच.

"वन्संनी गवत सांगितलं?" बायको म्हणाली. "पुढच्या आठवड्यात कडबा सांगतील. दावं तेवढं लांब ठेवा, मला खिडकीपर्यंत यायला हवं."

डॉक्टरीणबाईंना विचारावं, असं आवकजावकांच्या मनात आलं होतं. पण विचारलं की उत्तर येतं, आणि आलेल्या उत्तराची नोंद घ्यावी लागते, हा नोकरीतला अनुभव होता. त्यांनी विचारलं नाही.

माळ्यावरचे ट्रे खाली आले. त्यांच्या पुढच्या पट्टीवर अजून रंगाने लिहिलेलं होतं : आवक, जावक, प्रलंबित, तातडीचे. खिळ्याने तळाला भोकं पाडली. शेजारच्या बांधकामावरून पाटीभर माती चाळून आणली. रस गाळायला मलमलीचे तुकडे घरातच होते, कारण बायको चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवत होती. कापायला मात्र तिने आपली कात्री दिली नाही.

"माझी कात्री कापडाशिवाय कशालाही लावायची नाही. तुमची ती पाकिटं फोडायची आहे ना, ती घ्या."

मग वही निघाली. रकाने पाच : ट्रे क्रमांक, आवक, जावक, रस, शेरा. गहू बारा तास भिजले, फडक्यात मोड आले, मातीवर पसरले, वरून ओला कागद झाकला, की आवक. आठव्या दिवशी सकाळी सात वाजता कापलं की जावक. सात ट्रे, रोज एक पेरायचा, रोज एक कापायचा; पुन्हा पेरला की त्याला पुढचा नवा क्रमांक. त्या घरात इतकी शिस्त पूर्वी फक्त शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरीला आली होती. साडेसातला ते हिरवी वाटी घेऊन बायकोपुढे उभे राहत आणि ती संपेपर्यंत मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. काढलेला रस लगेच प्यायचा, असं बहिणीने सांगितलं होतं. तिसरा डोस वेळेवर झाला.

पाचव्या आठवड्यात हवा कोंदट झाली. अठ्ठाविसाव्या ट्रेतलं गवत कापताना त्यांना मुळांशी कापसासारखं काहीतरी दिसलं. वास किंचित आंबूस होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारचा एकोणतिसावा अगदी स्वच्छ होता, हिरवागार, वीतभर. पण त्याची जावक उद्याची होती. अठ्ठावीस आधी आला होता; अठ्ठावीस आधी जाणार. मागून आलेला कागद पुढे काढणं हे त्यांच्या टेबलावर एकतीस वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी वरचं वरचं कापलं, रस काढला, गाळला, दिला आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं : मुळाशी पांढरी बुरशी, अल्प.

दुसऱ्या दिवशी बायकोला थंडी वाजून ताप भरला. एकोणतीस तसाच राहिला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. पेशी तळाला होत्या. चौथा डोस चार दिवसांवर आला होता, तो थांबवला.

"गेल्या आठवड्यात खाण्यात काय काय आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आवकजावकांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. बाईंनी पानं उलटली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे तुमचं अक्षर?"

"हो."

"बुरशी दिसली, लिहिली, आणि दिली?"

"तारीख त्याचीच होती," आवकजावक म्हणाले.

बाईंनी वही मिटली. मग सावकाश म्हणाल्या, "ताप यानेच आला असं मी म्हणू शकत नाही. यानं आला नाही असंही म्हणणार नाही. पण आता हे बंद. रस नाही, मोड नाहीत, कच्चं काही नाही. आणि रसाने पेशी भरतात असं मी तरी कुठे पाहिलेलं नाही."

आवकजावकांनी मान डोलावली. खाटेवर बायकोचे डोळे मिटलेले होते, पण ती ऐकत होती; झोपेत तिच्या भुवया अशा उचललेल्या नसत.

सहा दिवस ते दवाखान्यात राहिले. परगावची लेक आली, तिने घर सांभाळलं, वडिलांनी लिहून दिलं नसतानाही सगळ्या ट्रेंना पाणी घातलं. घरी आल्यावर आवकजावकांनी एकेक ट्रे उचलून खालच्या आवारात रिकामा करायला सुरुवात केली. सहा झाले. सातवा उचलला तेव्हा खिडकीपाशी बसलेली बायको म्हणाली, "अहो, तो राहू द्या."

"कशाला? प्यायचं नाहीये."

"कोण पितंय? बघू द्या की."

यावेळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, तिने हात लावायचा नाही, मातीजवळ जायचं नाही. खिडकीबाहेर ठेवा आणि तुम्ही हात धुऊन आत या. एकोणतिसावा ट्रे गॅलरीत, काचेपलीकडे ठेवला गेला. पट्टीवर लिहिलेलं होतं : प्रलंबित.

"चव कशी होती गं?" काचेच्या फटीतून त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारायचं राहून गेलं होतं.

"गवतासारखी."

"मग प्यायचीस का?"

"तुम्ही घड्याळ घेऊन उभे असायचात. नाही म्हटलं असतं तर तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?"

त्यांनी ट्रे जरा उन्हाकडे सरकवला.

"हात फिरवा त्याच्यावरून," ती म्हणाली. "असा नाही, चापट मारल्यासारखा. तळवा सपाट. हां. आता उलटा."

त्यांनी फिरवला.

"काय लागतं?"

"इकडून मऊ. तिकडून अडतंय जरा."

"म्हणजे लव आहे त्याला. मखमलीला असते तशी. एक तुकडा सुलट, एक उलट कापला, तर झग्याची एक बाजू काळी दिसते. पहिल्या वर्षी मी एक आख्खा झगा तसा घालवला होता." ती दम घ्यायला थांबली. "कापायच्या आधी हात फिरवायचा असतो, अहो."

ते गॅलरीत उकिडवे बसून बराच वेळ तळवा पुढे-मागे करत राहिले. मग आत जाऊन साबणाने दोनदा हात धुतले.

पुढच्या सोमवारी पेशी भरल्या नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाहीत. आवकजावक दोन्ही वेळा रिपोर्टाच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले आणि दोन्ही वेळा कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तिसऱ्या सोमवारी आकडा काठाच्या वर आला. त्या तीन आठवड्यांत घरात रसाचा एक थेंबही काढला गेला नव्हता. मंगळवारी चौथा डोस सुरू झाला. बाटली संपायला चार तास लागले. बायको झोपली होती आणि ते शेजारच्या स्टुलावर घड्याळ काढून बसले होते.

गॅलरीतलं गवत तोवर पिवळं पडून एका अंगाला झुकलं होतं. वहीत एकोणतीस क्रमांकासमोर जावकचा रकाना रिकामा आहे.