फौजदारबाई

उमरग्यात आमच्या डॉक्टरबाईंना सगळे फौजदारबाई म्हणायचे. पेशंट ‘पाणी पिलो’ म्हणाला तरी त्या त्याला जीभ बाहेर काढायला लावत. नाडी बघण्याआधी विचारत, “काल दुपारी कुठं होता?” माणूस गांगरून चोरी पकडल्यासारखं उत्तर द्यायचा.

त्यांचा खरा संशय उन्हावर होता. “वैशाखात येणारे पेशंट आता होळीलाच यायलेत,” त्या म्हणत. “ऊन बदललंय आणि आपण जुन्याच आजारांची नावं लावतोय.” लोकांना हे पटत नसे. बाई सलाईन खपवायला घाबरवतात, अशी कुजबुज चाले.

माझे नामदेवकाका हायवेजवळच्या आडत दुकानात हमाल. पिणारे म्हणून गावभर नाव. एका एप्रिलमध्ये भर दुपारी ट्रकमध्ये पोती लावताना ते बरळायला लागले आणि कोसळले. आडत्यानं मला फोन केला, “तुझा काका पिऊन पडलाय, घिऊन जा.” मी त्यांना रिक्षात घालून बाईंकडे नेलं.

“लई पिलेत,” मी म्हणालो.

“तू पाहिलंस पिताना?”

बाईंनी काकांच्या तोंडाचा वास घेतला, मग काखेत हात घातला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. “ऊन लागलंय. कपडे काढ.” त्यांनी ओली चादर टाकली, पंखा लावला, रसवंतीवरून बर्फ आणवला. काकांनी मला नावानं हाक मारली, तेव्हा कुठं बाईंनी सोलापूरला न्यायला गाडी बोलावली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाई आडतीत जाऊन ट्रकच्या हौद्यात चढून बसल्या. आडत्याला काही कळेना. “बाई, यात तुमचा काय फायदा?”

“तुमीबी या वर. बसू जरा.”

तो चढला, आणि थोड्याच वेळात शर्टाची बटणं सोडत उतरला. पुढं पोती सकाळी आणि ऊन कलल्यावर भरली जाऊ लागली. बाई तरी अधूनमधून अवचित चक्कर मारून बघत.

गुडघ्यांनी छळलं म्हणून यंदा दवाखाना बंद करून त्या लेकीकडे निघाल्या. काका निरोपाला आले. “बाई, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर इश्वास ठेवला.”

“तुमच्यावर न्हाय ठेवला,” गाडीत बसत बाई म्हणाल्या. “मी वास घेऊन बघितला.”

काका हसले. गाडी दिसेनाशी झाली तरी ते रस्त्यावर तसेच उभे होते. शेवटी मीच त्यांना हाताला धरून सावलीत आणलं.