कचेरीतला खेळ

"हा घे तुझा दिवा," शिपाई म्हणाला. काडी ओढली आणि बाबांच्या नाकाखाली धरली. कारकून हसले. बाबाही हसले. त्यांचं ते हसणं मला अजून चावतं.

आम्ही पिंगुळीचे ठाकर. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे. दिवा लावल्याशिवाय बाहुल्यांचं गाठोडं सोडत नाही, म्हणून बाबांनी भर कचेरीत दिवा मागितला होता.

देवळात खेळ केला की गाववाले पदरात भात टाकायचे. टाकायचेच, तेही लांबून. मला त्याचा वीट आला होता. मसुऱ्याच्या जत्रेत तिकीट लावून खेळ करायचा, आपला धंदा उभा करायचा, असं मी ठरवलं. तिकिटाला परवाना लागतो. परवान्यासाठी खेळ आधी लिहून द्यावा लागतो. आमचा खेळ कधी कोणी लिहिलाच नाही. तो बापाच्या तोंडून पोराच्या तोंडी येतो. कचेरीत बाबांनी भोळेपणाने तसं सांगितलं. परवाना देणारे साहेब म्हणाले, मग इथंच करून दाखवा.

विझत्या काडीलाच दिवा मानून बाबांनी गाठोड्यातून राम बाहेर काढला. साहेबांशेजारी सत्तेतल्या पक्षाचे एक पुढारी खुर्चीत रेलून बसले होते. ते म्हणाले, "आधी त्याला साहेबांच्या पाया पडायला लाव. मग बघू परवान्याचं."

बाबांची बोटं हलली. राम वाकायला लागला. माझ्या अंगाची आग झाली. मी दोऱ्या हिसकावून घेतल्या. कचेरीत शुद्ध बोलायचं ठरवून गेलो होतो, ते कुठल्या कुठे गेलं.

"आमचो राम कोणाच्या पायां पडाचो नाय."

परवाना मिळाला नाही. बाहेर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पोटार पाय दिलंस रे."

जत्रेत मी हेरून ठेवलेल्या जागेवर त्या पुढाऱ्यांच्या भाच्याचा सिनेमाचा तंबू लागला. त्याला काय लिहून द्यावं लागलं, देव जाणे. स्वराज्य आलं म्हणतात, आमच्यापर्यंत त्याचा शिपाईच पोचला. मंडपासाठी आणलेले बांबू चुलीत गेले. बाबा पुन्हा भातासाठी गावोगाव फिरतात. माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमचं काही बदलेल असंही वाटत नाही.

यंदा जत्रेत मी त्या तंबूसमोर खेळ लावणार आहे. परवाना मागणार नाही. पोलीस येतील, लोक पळतील, बाहुल्या जप्त होतील. हे सगळं धरूनच चाललोय. समोर एकही माणूस उरला नाही, तरी रावण मरेपर्यंत मी दोरी सोडणार नाही.