२७५ ची गोळी

२०२३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो. कात्रजच्या रानात डुकरांपासून पीक राखायला वडिलांनी घेतलेली २७५ बोअरची रायफल माझ्याकडं होती, पण गोळ्या संपल्या. मी रिकामी पुंगळी घेऊन पेठेतल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं नाव विचारलं नाही. त्यानं पुंगळी सदऱ्याला पुसली, काचेवर उभी केली आणि बघतच राहिला.

"काय गुणी गोळी हो, काका! खांद्याला धक्का नाही आणि नेम चुकत नाही. पण आता येत नाही. सगळ्यांना ३१५ बोअरची हवी."

"मला हीच हवी."

"तुमच्या एकट्यासाठी कारखाना कोण चालवणार? ही रायफल मला द्या, ३१५ ची घ्या."

"बापाची वस्तू बदलत नसतात."

"मग दसऱ्याला झेंडू वाहा. तेवढंच काम उरलंय तिला."

मी तिथून तडक निघालो. पण माणूस खोटं बोलला नव्हता. राबलेली वस्तू नुसती पुजायला ठेवायची, हे मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायफल तेलानं पुसली आणि त्याच्या दुकानात कायमची जमा केली. तो ३१५ दाखवू लागला. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.