अक्काचा खांदा
बामच्या वासाने आजही मला माझाच राग येतो. साक्रीकडच्या आमच्या शेतात कापूस वेचताना माझी थोरली बहीण, अक्का, पोट धरून खाली बसली. आईने ओवा चावायला दिला. अक्का म्हणाली, "पोट दुखस, पन खांदा बी दुखी राह्यना." मी वैतागलो, "एक काय ते नीट सांग," आणि तिच्या खांद्याला बाम चोळत बसलो. तासाभरात ती पांढरीफटक पडली, तेव्हा कुठे गाडी करून धुळं गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात आतल्या आत रक्तस्राव होतोय. अशात खांदाही दुखतो. तुम्हाला काही बोलल्या नाहीत?" मी बामचा वास येणारे हात खिशात घातले. ऑपरेशन झालं, अक्का वाचली. आता काही दुखलं तर ती आईला सांगते, शेजारणीला सांगते. मला सांगत नाही.