चौथाच दिवस

पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. आम्ही आठ जण. मी नायब सुभेदार, पोस्टचा कमांडर. सिव्हिलमधल्या माणसाला सांगून पटायचं नाही, पण तिथं बुटाची लेस बांधली तरी धाप लागते. म्हणून नियम पक्का. रजेवरून आलेला जवान आधी खालच्या कॅम्पवर सहा दिवस थांबणार, अंग विरळ हवेला सरावलं की मगच वर येणार. जुना असो की नवा.

लान्स नाईक नितेश आमचा रेडिओ ऑपरेटर. नेऱ्याचा, म्हणजे माझ्या पनवेलचाच. तो रजेवरून परतला त्याच आठवड्यात बदली ऑपरेटरची बोटं हिमदंशानं गेली. त्याला खाली पाठवलं. सेटवर बसायला शिकलेला माणूस उरला नाही, मीच कसाबसा सांभाळत होतो. नितेश खालून रोज बोलायचा, "साहेब, मी एकदम फिट. वर घ्या. ओव्हर."

चौथ्या दिवशी सकाळी सातला मी कॅम्पला कॉल दिला.

"ऑपरेटर वर पाठवा. ओव्हर."

"साहेब, चौथाच दिवस आहे. ओव्हर."

"पाठवा. जबाबदारी माझी. आउट."

दीड वाजता तो पोचला. माझ्यासाठी घरून सुकट आणली होती. दुसऱ्या दिवशी नऊला खोकला सुरू झाला. अकराला छातीत घरघर, ओठ निळे. फुप्फुसात पाणी भरलं होतं. ऑक्सिजन लावला, हेलिकॉप्टर मागितलं. ढग खाली उतरलेले, हेलिकॉप्टर येईना. स्ट्रेचरला बांधून आम्ही त्याला पायी उतरवायला घेतलं. वाटेत म्हणाला, "साहेब, सेटवर कोण बसलंय?" तीन चाळीसला तो गेला.

निवृत्तीनंतर नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. झोप नव्हती. बायकोनं रविवारच्या वेदान्ताच्या वर्गाला ढकललं. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. आत्मा कर्ता नाही, तो नुसता साक्षी, करते ती प्रकृती, असं त्या समजावायच्या. मला ते फारच सोयीचं वाटलं. भाजी आणायची विसरलो तरी म्हणायचो, मी कुठं कर्ता? बायको म्हणायची, "मग जेवणारेही तुम्ही नाही. ताट उचलते." थट्टा सोडा. मला नितेशमधून सुटायचं होतं आणि सुटत नव्हतो. शेजारी मिक्सर लागला तरी ती घरघर ऐकू यायची.

शेवटी एका रविवारी वर्ग संपल्यावर बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या हातून घडलं, पण कर्ता मी नाही ना?

त्यांनी चष्मा काढला. "सुभेदारसाहेब, छातीवरचं मेडल तुमचं आणि चूक तेवढी प्रकृतीची, असा वेदान्त नसतो. त्याच्या घरी हे माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिथं जा. सांगायची भीती वाटते तोवर मोकळे कसले तुम्ही?"

मला राग आला. दोन रविवार गेलोच नाही.

दर वर्षी नितेशच्या तिथीला मी नेऱ्याला जायचो. त्याचे वडील चहा द्यायचे. मी म्हणायचो, हवामान खराब होतं. खोटं नव्हतं, अर्धं होतं. या वर्षी अंगणात उभ्याउभ्याच बोललो. "बाबा, त्याला सहा दिवस खाली ठेवायचा नियम होता. मी चौथ्या दिवशीच वर बोलावलं. तो त्यामुळं गेला. चूक माझी."

म्हातारा ओट्यावर बसला.

"म्हंजे झोडणीनं नाय?"

मला कळेना.

"रजेत मी त्याला रोज भात झोडाय लावला. आंग मोडला व्हता पोराचा. मला वाटला, दमूनशी गेला, म्हणून मेला. आजवर कोनाला बोललो नाय."

मी गप्प राहिलो आणि माझा गुन्हा इतकी वर्षं हा माणूस भोगत होता. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यानं हात वर केला.

"आता तुमी जा."

मी निघालो. मागून त्याची हाक ऐकू आली.

"नितेशचे आय, जरा भायेर ये."