उपरण्याखालचा भाव

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही किरटं. शाळा चौथीत सुटली. सांभाळून घ्यावं. पण साऱ्या नाशकात आमच्या आप्पांसारखा भाव करणारा माणूस नसेल, एवढं लिहून ठेवते. आप्पा माझे चुलत सासरे. सिन्नरकडच्या बैलबाजारात त्यांनी जन्मभर दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. ती सवय इतकी मुरली, की आता फोनवर बोलतानाही त्यांचा डावा हात उपरण्याखाली जातो. दवाखान्यात नर्सला म्हणाले, "दोन सुया घेतो, एकीचे पैसे लाव."

माझ्या पापडांसाठी इंटरनेटवर पत्ता घ्यायचं ठरलं. पत्ते विकणाऱ्या कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, पत्त्याच्या शेवटी भारताची दोन अक्षरं घेतली तर स्वस्त, एका लांबच्या बेटाची घेतली तर कितीतरी महाग. असं का, मी हळूच विचारलं.

"सूनबाई, ज्याचा देश त्याचा दर," आप्पा म्हणाले. "आपल्याकडं सगळ्यांना परवडावं म्हणून कमी ठेवलाय. त्या बेटाची अक्षरं जगाला आवडली, मग मालक सोडतो व्हय? बैल तोच, शिंगांचे पैसे हायेत हे."

आणि शिंगंच घेतली त्यांनी! उपरण्याखाली बोटं नाचवत तासभर घासाघीस केली, बेटाचा पत्ता अर्ध्या भावात मिळवला आणि गल्लीभर सांगितलं. वर्षाने कळलं, पहिल्या वर्षी तो भाव सगळ्यांनाच असतो. आता पूर्ण पैसे. पापडांच्या पिशव्यांवर पत्ता छापलेला, ऑर्डरी त्यावरच येणाऱ्या. पत्ता गेला तर गिऱ्हाईक गेलं. आप्पांनी आपल्या साठवणीतून पैसे भरले. "फसलो मी. तू फेडायचं नाय."

मला ते पटेना. दर महिन्याला थोडे देऊ लागले. पहिल्या तारखेला आप्पा चहाच्या वेळी हजर. "वसुलीला आलो." मग चहा पिऊन पैसे तिथेच ठेवून निघायचे. मी जिन्यापर्यंत मागे धावायची.

काल शेवटचे दिले. आप्पांनी नोटांवर उपरणं टाकलं, खाली हात घालून चाचपल्या.

"पुरे झाले," म्हणाले. उपरणं खांद्यावर टाकत बोलले, "आता पहिल्या तारखेला काय म्हणून यायचं?"

"चहाला," मी हळूच म्हटलं. मी त्यांचा कप पुन्हा भरला. ते सावकाश प्यायले, आणि या वेळी पैसे न विसरता घेऊन गेले.